मधला तुकडा

प्रेमसिंग समुद्रातला चिखल घेऊन घरी आला, ही बातमी त्याच्या आधी तांड्यावर पोचली. अकोल्याहून निघालेल्या मोटारीत त्यानं आपली लांबट लाकडी पेटी टपावर चढवू दिली नव्हती. दोन्ही मांड्यांवर आडवी घेऊन बसला होता. शेजारच्या माणसानं "बंदूक हाय काय?" म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं खरं ते सांगून टाकलं. शेजारी निघाला तांड्यालगतच्या किन्हीराजाचा. उतरल्यावर तो झपाझप पुढं गेला, प्रेमसिंग मात्र घरचा छकडा येईपर्यंत फाट्यावर थांबला, आणि तेवढ्या वेळात गुलाबसिंग नायकाच्या पोरानं सरकारी खर्चानं चिखल आणल्याचं सगळीकडं झालं.

साल सत्तावन्न. पाऊस उघडला होता, कापसाची बोंडं फुटायला लागली होती, आणि ऐन वेचणीच्या तोंडावर गुलाबसिंग नायकाचा पाय मोडला होता. नाल्याच्या उतारावर बैल बुजले, गाडी कलंडली आणि चाक नडगीवरून गेलं. अकोल्याच्या दवाखान्यातून पाय पांढऱ्या प्लास्टरात बांधून आणला, तेव्हापासून नायक दारापुढच्या लिंबाखाली बाजेवर पडून होता. पडल्यापडल्याच तो तांड्याचा कारभार पाहायचा. भांडणं त्याच्यापुढं यायची, सोयरिकी जमायच्या. कापूस मात्र बाजेवरून वेचता येत नाही. घरात कर्ता मुलगा एकच, म्हणून प्रेमसिंगला बोलावणं गेलं.

प्रेमसिंग त्या तांड्यावरचा पहिला पदवीधर. नागपुरात भूगर्भशास्त्र शिकला आणि तिथून पूर्व किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात संशोधनाला गेला. त्याचे मार्गदर्शक तेलंगी गृहस्थ होते, सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत. समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळातून पृथ्वीचं जुनं हवामान ओळखायचं, हा सरांचा ध्यास. आपल्या देशात हे काम नुकतंच कुठं सुरू होत होतं. सुट्टी मागायला प्रेमसिंग गेला तेव्हा सरांनी ती दिली, पण म्हणाले, "काम इथं ठेवून जाऊ नकोस." म्हणून ती पेटी बरोबर आली. तिच्यासोबत विद्यापीठाची सूक्ष्मदर्शक दुर्बीण, फडक्यात गुंडाळलेली.

बाजेवर उठून बसत नायकानं पेटी उघडायला लावली. आत जस्ताच्या तीन पन्हळी होत्या. प्रत्येक पन्हळीत मनगटाएवढ्या जाडीचा, उभा चिरलेला राखाडी गाळ, वरून मेणकापड.

"आपले पणजोबा समुद्राकडून बैलाच्या पाठीवर मीठ आणत," नायक म्हणाला. "लवण आणणारे, म्हणून तं लोक आपल्याले लमाण म्हणतात. मीठ खाता तरी येते. याचं काय करतात?"

"वाचतात, बा."

"वाच मंग."

प्रेमसिंग बाजेच्या कडेला बसला. बापाला समजावून सांगायचं त्याला कधी ओझं वाटलं नाही, कारण नायक मध्येच मान डोलवून मोकळा होणाऱ्यांतला नव्हता. समजेपर्यंत विचारायचा.

"समुद्रात डोळ्याले दिसत नाहीत असे जीव असतात. त्याईच्या अंगावर चुन्याचे शंख असतात. जीव मेला की शंख खाली जाते. घरातल्या माळ्यावर धूळ बसते ना, तसा तो गाळ बसत राह्यते. खालचा जुना, वरचा नवा. काही जीव गार पाण्यातले, काही उबदार पाण्यातले. ज्या थरात ज्याचे शंख जास्त, तसा त्या काळातला समुद्र."

"अन् हे काढलं कसं?"

"अडत्या ज्वारीच्या पोत्यात पोकळ सळई खुपसून नमुना काढते, तसंच. फक्त सळई मोठी, अन् पोतं कोसभर खोल पाण्याखाली."

नायक हसला. "तू उतरलता पाण्यात?"

"मी जहाजावर होतो. ओकत होतो." प्रेमसिंगनं हेही सांगून टाकलं. नौदलाकडून मागून घेतलेलं ते जुनं जहाज असं हेलकावत होतं, की नळी वर आली तेव्हा तो कठड्याला धरून वाकलेला होता. नळी वाकडी होऊनच आली होती. आतला गाळ सरांनी स्वतः ढकलून बाहेर काढला, त्याचे तीन तुकडे केले, वरच्या टोकाला खुणेच्या चिठ्ठ्या लावल्या. पुढं किनाऱ्यावर आल्यावर तुकडे उभे चिरले. अर्धे विद्यापीठात राहिले, अर्धे या पेटीत आले.

सकाळी वेचणी आणि दुपारी दुर्बीण, असा प्रेमसिंगचा क्रम बसला. सुरीच्या टोकानं गाळाचा पातळ काप काढायचा, बारीक जाळीवर पाण्यानं धुवायचा, उरलेली रवाळ भुकटी वाळवायची, काळ्या कागदावर पसरून दुर्बिणीखाली धरायची आणि मोजायचं: गार पाण्यातले किती, उबदार पाण्यातले किती. त्याची बायको कमली कापसाचं ओझं उतरवून आली की पदरानं तोंड पुसत एकदा दुर्बिणीत डोकावायची.

"लाह्याच हायत या," पहिल्या दिवशी ती म्हणाली होती. "ज्वारीच्या लाह्या."

खरोखर तसेच दिसायचे ते. फुटलेल्या, फुगीर, एकमेकींना चिकटलेल्या लाह्या. तेव्हापासून घरात त्यांना दुसरं नाव राहिलं नाही. प्रेमसिंगची आई रुखमाबाई, जिला तो तांड्याच्या रीतीनं याडी म्हणायचा, ती शेजारणीला सांगायची, "पोरगा लाह्या मोजून राह्यला."

तळाचा तुकडा आधी झाला. सगळा गार पाण्याचा. मग वरचा झाला. सगळा उबदार. मधला तुकडा राहिला होता, आणि तोच महत्त्वाचा होता, कारण सरांचा सगळा सिद्धांत त्याच्यावर उभा होता. मधल्या तुकड्याचे चार-दोन काप सरांनी आधीच तपासले होते. तळाशी समुद्र गार, मग एकदम उबदार, मग हळूहळू पुन्हा गार, आणि मग पुन्हा एकदम उबदार. बंगालच्या उपसागरानं दोनदा उडी मारली, असं सर म्हणत. एका परिषदेत त्यांनी ते वाचूनही दाखवलं होतं, टाळ्या पडल्या होत्या, आणि आता तो निबंध छापायला गेला होता. प्रेमसिंगनं सबंध तुकडा बारकाईनं मोजायचा, म्हणजे उड्यांचा पुरावा पक्का होणार होता.

त्यानं मोजलं. सरांचे आकडे चुकीचे नव्हते. उड्या होत्या. पण दोन्ही उड्या नेमक्या तुकड्यांच्या सांध्यावर होत्या. जिथं सुरी फिरली होती, तिथंच समुद्रानं उडी मारली होती.

प्रेमसिंगच्या मनात तो विचार शेतात आला, कमरेची झोळी कापसानं भरत असताना. मधला तुकडा उलटा धरला तर? तर तळचा गार, मधला हळूहळू गारातून उबेकडं जाणारा, वरचा उबदार. दोन्ही सांधे गुळगुळीत. उड्या नाहीतच. एक लांब, सावकाश चढ.

झोळी तशीच टाकून तो घरी धावला नाही. ओळ पुरी केली. एवढ्यानं सिद्ध होत नाही, हे त्याला कळत होतं. गुळगुळीत दिसतं म्हणून खरं असं कुठं लिहिलंय? समुद्र उडी मारूही शकतो. तुकडा उलटा आहे, हे तुकड्यानंच सांगायला हवं होतं.

आणि तुकड्यानं सांगितलं. गाळात अधूनमधून वाळूच्या बारीक रेघा होत्या. समुद्राच्या उतारावरून कधीतरी गढूळ लोंढा येतो आणि वाळू टाकून जातो, त्याच्या या खुणा. लोंढा थांबला की जाड कण आधी बसतात, बारीक मागून. म्हणजे प्रत्येक रेघेत खाली जाड आणि वर बारीक असायला हवं. प्रेमसिंगनं तळच्या तुकड्यातल्या रेघा पाहिल्या. खाली जाड, वर बारीक. वरच्या तुकड्यातल्या पाहिल्या. तशाच. मधल्या तुकड्यात तीन रेघा होत्या. तिन्हींत जाड कण वर होते.

तो दुर्बिणीवरून उठला आणि ओसरीत उभा राहिला. भीती वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण वाटली ती मोकळीक. बोचणारा खडा वहाणेतून निघावा तशी. आपण बरोबर आहोत याबद्दल त्याच्या मनात तीळभर शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता, की हे सरांना सांगायचं कसं.

संध्याकाळी त्यानं ते बापापुढं मांडलं. तांड्याचा कारभारी रामधन तिथंच बसला होता. रामधन नायकाच्या खालोखालचा माणूस, जऊळक्याकडच्या बांधकामावर तांड्यातली माणसं नेणं-आणणं त्याच्याकडं. मुकादमांशी कसं बोलायचं हे तो जाणून होता, आणि त्यानं त्याच हिशेबानं सल्ला दिला.

"पयले ही मोठी पदवी घे. तुह्या गुरूच्याच हाती हाय ना ते? मंग सांगजो. चिखल काई पळून जात नाही."

"पण निबंध छापून येईन, काका. मंग सरायचीच फजिती होईन."

"ते त्याईची फजिती. तू काहून मधात पडतं?"

रामधन वाईट सांगत नव्हता, हे प्रेमसिंगला समजत होतं. या एका पदवीसाठी याडीनं अंगावरची चांदी उतरवली होती.

नायकानं प्लास्टरावर बोटं वाजवली. मग त्यानं विचारलं, "तुले खात्री हाय?"

"हाव."

"किती?"

"तुमी इथी बसले हा, एवढी."

"मंग लपवाचं काहीच नाही," नायक म्हणाला. "पण मी आजवर एका बाजूचं आयकून न्याव केला नाही. तू म्हणतं तुकडा उलटा. तुह्ये गुरू म्हणतात सुलटा. त्याईच्या पाठीमागं बोलणं बरं नाही. त्याईले बलाव. चिखल इथी हाय, त्याईनं इथी पाहावं. आपण जेवू घालू."

प्रेमसिंगला हसू आलं. एवढे मोठे प्राध्यापक किन्हीराजाच्या तांड्यावर येतील कशाला? पण त्यानं पत्र लिहिलं. आडपडदा ठेवला नाही: मधला तुकडा उलटा लागला आहे असं माझं मत आहे, कारण वाळूच्या रेघा, छपाई पुरी होण्याआधी आपण पाहावं. आणि शेवटी बापाचं निमंत्रण घातलं.

सर आले. नागपूरला त्यांचं काही काम होतं, तिथून अकोला आणि अकोल्याहून मोटार. फाट्यावर उतरले तेव्हा धुळीनं भुवया लाल झालेल्या, हातात चामडी पिशवी. प्रेमसिंग छकडा घेऊन उभा होता. त्याच्या नमस्काराला त्यांनी मान हलवली आणि तांडा येईपर्यंत एवढंच बोलले, "ते तुकडे मी स्वतः कापले आहेत. हे तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, सर."

"आणि तू त्या वेळी कठड्यावर होतास."

"होय, सर. मी पाहिलं नाही. म्हणूनच मी चिठ्ठीबद्दल काही बोलत नाही. मी रेघांबद्दल बोलतो आहे."

लिंबाखाली सतरंजी टाकली होती. रामधन होता, आणखी दोन-चार जाणते होते. याडीनं गुळाचं पाणी आणलं. नायकानं बाजेवरूनच हात जोडले आणि हिंदीत आपली बोली मिसळून म्हणाला, "गुरुजी, पाय मोडला हाय, उठता येत नाही. माफी करा. आधी जेवण करता का आधी काम?"

"आधी काम," सर म्हणाले.

प्रेमसिंगनं तिन्ही पन्हळी उन्हात ओळीनं मांडल्या आणि मेणकापड काढलं. सर गुडघ्यांवर बसले. भिंग काढून त्यांनी पहिल्यांदा मधला तुकडाच पाहिला. बराच वेळ पाहिला.

"एखादी रेघ उलटी असू शकते," ते म्हणाले. "किडे गाळ उकरतात. वरचं खाली करतात."

"तिन्ही रेघा, सर? आणि बाकी दोन तुकड्यांत एकही नाही?"

"पहिला लोंढा बारीक वाळूचा, त्यावर दुसरा जाड वाळूचा. असंही होतं."

"होतं, सर. पण मग जाड वाळूच्या वर तिची स्वतःची बारीक हवी. इथं जाड वाळू संपते तिथं एकदम गाळ लागतो. धारेनं कापल्यासारखा."

सरांचा चेहरा आवळला होता. प्रेमसिंगला त्या घटकेला वाईट वाटलं, पण तो मागं हटला नाही. शंका असती तर हटला असता.

तेवढ्यात बाजेवरून नायक म्हणाला, "गुरुजी, तुमी दोघं आपसात बोलून राह्यले. मले न्याव करा लागते, अन् मले काहीच समजलं नाही. जाड-बारीक काय हाय ते मले सांगा. पोराकडून मी आयकलं. आता तुमच्याकडून आयकतो."

सर वळले. क्षणभर ते चिडले आहेत असं वाटलं. पण शिकवण्याची मागणी झाली की ते वेगळे होत, हे प्रेमसिंगला माहीत होतं. वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा मुलगा गोंधळलेला दिसला तरी ते तास थांबवत. त्यांनी बाह्या वर केल्या.

"काचेची बरणी आहे का? आणि नाल्यातली वाळू-माती?"

याडीनं लोणच्याची रिकामी बरणी धुऊन दिली. रामधन नाल्यातून ओंजळभर रेती आणि गाळ घेऊन आला. सरांनी ते सगळं बरणीत टाकलं, पाणी ओतलं, तोंडावर तळवा दाबून बरणी गदागदा हलवली आणि बाजेच्या काठावर, नायकाच्या डोळ्यांसमोर ठेवली.

"बघा आता. हा लोंढा. सगळं एकत्र, गढूळ. आता लोंढा थांबला. कोण आधी खाली बसतं?"

खडे टपटप बसले. त्यांच्यावर रेती बसली. मग बारीक रेती. माती अजून पाण्यात धुरासारखी तरंगत होती. आजूबाजूची माणसं वाकून पाहत होती. काचेतून दिसायला लागल्यावर कमलीही दारातून पुढं आली.

"जड तो खाली," नायक म्हणाला.

"बरोबर. जड खाली, हलका वर. हा नियम गंगेला लागू, तुमच्या नाल्याला लागू, समुद्राला लागू. याला अपवाद नाही. आता समजा हे सगळं घट्ट झालं, दगडासारखं, आणि कोणी ते तुमच्या हातात दिलं. खालचं टोक कोणतं, हे तुम्ही कसं ओळखाल?"

"जाड रेती जिथं, तिथं खालचं."

"अगदी. आणि जर जाड रेती वर दिसली, तर याचा अर्थ—"

सर थांबले. त्यांचा हात बरणीवर तसाच होता. नायकानं त्यांना वाक्य पुरं करायला लावलं नाही. नजर वळवून तो बैलांकडं पाहत राहिला. प्रेमसिंगला वाटलं, आपल्या बापाला मोठा म्हणतात ते उगाच नाही.

सरांनी बरणी खाली ठेवली. पुन्हा गुडघ्यांवर बसले, मधली पन्हळ दोन्ही हातांनी उचलली, अलगद फिरवली आणि टोकांची अदलाबदल करून परत ओळीत ठेवली. आता तळच्या तुकड्याचा काळसर राखाडी रंग मधल्यात तसाच पुढं गेला आणि वर जाताजाता फिका होत वरच्या तुकड्याला मिळाला. सर त्या रंगावरून बोट न टेकवता हात फिरवत गेले.

"सावकाश," ते स्वतःशीच म्हणाले. "किती सावकाश तापला हा समुद्र." मग प्रेमसिंगकडं पाहून: "माझ्या दोन्ही उड्या गेल्या."

"चढ राहिला, सर. तो खरा आहे."

"मला उड्या आवडल्या होत्या," सर म्हणाले, आणि पहिल्यांदा थोडे हसले. "नळी वर आली तेव्हा तू एकटाच ओकत नव्हतास. मला ढकलायची घाई झाली होती."

जेवायला बाजरीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि तुरीच्या शेंगांची भाजी होती. सरांना ठेचा भारी पडला तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. जेवता जेवता त्यांनी नायकाला गोदावरीच्या पुरांबद्दल सांगितलं, नायकानं त्यांना विचारलं की गारठ्याच्या त्या काळात इथं या जमिनीवर काय होतं. सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की ते अजून कोणाला माहीत नाही.

दुपारच्या उतरत्या उन्हात सर आणि प्रेमसिंग छकड्यानं निघाले आणि पुढं मोटारीनं जवळच्या मालेगावच्या तारघरात गेले. 'छपाई थांबवा, दुरुस्ती येत आहे,' अशी तार सरांनी स्वतःच्या हातानं लिहिली. अकोल्याच्या मोटारीची वाट पाहताना ते म्हणाले, "विद्यापीठातला अर्धा तुकडा मी तपासीन. तो वेगळं सांगायला लागला, तर तुला परत भांडावं लागेल."

"तो वेगळं सांगणार नाही, सर."

"इतका विश्वास?"

"एकाच गाळाचे दोन भाग आहेत, सर."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग मोटार आली.

दुसऱ्या अर्ध्यानं वेगळं सांगितलं नाही. निबंध पुढच्या वर्षी निघाला, दोघांच्या नावानं. त्यात उड्या नव्हत्या, म्हणून त्याला टाळ्याही फार पडल्या नाहीत. पण दूरदूरच्या समुद्रांतून इतरांनी काढलेल्या गाळांतही तसाच सावकाश चढ दिसू लागला, आणि तिकडच्या लोकांनी पत्रं लिहून बंगालच्या उपसागराचे आकडे मागवले. सरांनी ती पत्रं न फोडता प्रेमसिंगच्या मेजावर ठेवायला सुरुवात केली.

त्या साली मात्र प्रेमसिंगनं सगळा कापूस उतरवला, तूर झोडली, आणि नायकाचं प्लास्टर काढायला त्याला अकोल्याला नेलं. पाय थोडा आखूड झाला होता. नायक काठी टेकत तांडाभर फिरला आणि त्याच दिवशी त्यानं एका बैलाच्या भांडणाचा निकाल दिला.

"आता कधी जातं?" संध्याकाळी त्यानं विचारलं.

"जहाज फागुनात निघते, बा."

"मंग होळीले तू नसशीन."

"नसीन."

लमाणाच्या पोरानं होळीला तांड्यावर नसावं, ही लहान गोष्ट नव्हती. रामधननं भुवया उंचावल्या. याडी चुलीपुढून म्हणाली, की मग आत्ताच गोडधोड करून घालते. कमलीनं विचारलं, यंदा तरी ओकणार नाही ना?

"ओकीन," प्रेमसिंग म्हणाला. "पण नळी वर आली की पयले मी तिथी उभा राहीन. गाळ ढकलाच्या आधी त्यात सुतळी घालाची, वरून पार खालपर्यंत, म्हंजे कापले तरी तुकडे माळेवानी ओवलेले राह्यतीन, उलटणार नाहीत. सरायले सांगून ठेवलं हाय."

"आयकतीन ते?"

"त्याईनंच सुतळी इकत घेतली," प्रेमसिंग म्हणाला, आणि पेटी बांधायला उठला.